कॉलेजातलं 'फायनाइट मॅथ' म्हणजे नक्की काय, आणि दहावीनंतर गणित सुटलेल्याला ते झेपतं का?

दापोलीहून विचारतोयस. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलास, बारावी कॉमर्समधून केलीस, आता रत्नागिरीत बी.कॉम.ला नाव घातलंस आणि पहिल्याच वर्षी गणिताचा पेपर पुढ्यात आला. त्यात अमेरिकेतली मावसबहीण फोनवर सांगते की ती तिकडे 'फायनाइट मॅथ' शिकतेय आणि डोकं फिरलंय. ते आणि आपलं एकच का, झेपेल का, क्लास लावू का, हे तुझे तीन प्रश्न. वयाने लहान दिसतोस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

एकच का? बरंचसं हो. फायनाइट म्हणजे सांत, अंत असलेलं. मोजायला घेतलं तर कधी ना कधी संपेल अशा गोष्टींचं गणित. 1950च्या दशकात अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी समाजशास्त्र, जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी हा अभ्यासक्रम बांधला. त्या मुलांना कॅल्क्युलसपेक्षा संच, मोजणी, प्रोबॅबिलिटी (शक्यता), मॅट्रिक्स (ओळी-स्तंभांत मांडलेले आकडे) यांचा उपयोग जास्त. (याच केमेनीने थॉमस कर्ट्झबरोबर 1964 साली बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा केली.) तुझ्या बहिणीला या सगळ्याचं एकच पुस्तक असेल. आपल्याकडे तोच माल निरनिराळ्या पेपरांत वाटलेला असतो. मी मुंबई विद्यापीठाचं बी.कॉम. केलं तेव्हा पहिल्या वर्षाला परम्युटेशन-कॉम्बिनेशन, एल.पी.पी. (लिनियर प्रोग्रॅमिंग प्रॉब्लेम, म्हणजे अटी सांभाळून जास्तीत जास्त फायदा काढायचं गणित), प्रोबॅबिलिटी, व्याज आणि ॲन्युइटी (ठरावीक काळाने येणारे सारखे हप्ते) होतं. आता तुला नेमकं काय आहे ते कॉलेजच्या अभ्यासक्रमाच्या कागदावरच बघ, सिनियरांच्या नोट्सवर जाऊ नकोस.

झेपेल का, हा खरा प्रश्न. मी मालगुंडच्या बाजूची. एस.टी.ने रत्नागिरीला ये-जा करून शिकले, दहावीपर्यंत मराठी माध्यम. गणितात बरी होते, म्हणून जरा तोऱ्यात होते. तो तोरा पहिल्याच चाचणीत उतरला. प्रश्न असा होता: 5 मुलगे आणि 4 मुली आहेत, त्यांतून 3 जणांची समिती निवडायची, 'ॲट लीस्ट' एक मुलगी हवी. किती प्रकारे?

मी म्हटलं सोपं आहे. आधी 4 मुलींतून एक घेऊ, म्हणजे अट पुरी झाली. मग उरलेल्या 8 जणांतून कुणीही दोन, ते 28 प्रकारे. चार गुणिले अठ्ठावीस, 112. खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

पेपर परत आला तेव्हा सरांनी 112ला लाल गोल करून शेजारी एवढंच लिहिलं होतं: 'एकूण समित्या किती?' मी मोजल्या. 9 जणांतून 3, म्हणजे 84. सगळ्या मिळून समित्याच 84, आणि त्यांतल्या मुली असलेल्या माझ्या 112! ताटात वाढलेल्या भातापेक्षा मी जेवलेला भात जास्त.

चूक कुठे झाली ते कळायला मला एस.टी.तला पाऊण तास लागला. समज, समितीत सुमन, रेखा आणि प्रकाश आहेत. मी आधी सुमनला घेतलं, मग बाकीच्यांत रेखा-प्रकाश आले. पुढच्या खेपेला आधी रेखाला घेतलं, मग सुमन-प्रकाश आले. समिती तीच, माझ्या हिशेबात दोन. तिन्ही मुली असतील तर तीच समिती तीनदा. बरोबर वाट उलटी आहे: एकूण 84, त्यांतून एकही मुलगी नसलेल्या, म्हणजे 5 मुलग्यांतून 3, त्या 10 वजा कर. उत्तर 74.

हे एवढं सविस्तर सांगतेय कारण मला सूत्र येत नव्हतं असं नाही. सूत्र चोख पाठ होतं. मला वाक्य वाचता आलं नव्हतं. या विषयात मुलं अडतात ती इथेच, आणि दहावीचं बीजगणित विसरल्यामुळे अडतात असं मला वाटत नाही. क्रमाला महत्त्व आहे का, तीच वस्तू पुन्हा घेता येते का, 'निदान' म्हटलंय की 'जास्तीत जास्त', हे तीन प्रश्न आधी मराठीत स्वतःला विचारायचे. पुस्तक इंग्रजीत असलं तरी विचार इंग्रजीत करायची सक्ती नाही. मी वहीत प्रत्येक गणिताच्या डोक्यावर मराठीत एक ओळ लिहायचे: 'रांग लावायची' किंवा 'मूठ उचलायची'. रांग म्हणजे परम्युटेशन, मूठ म्हणजे कॉम्बिनेशन. आणि आकडे मोठे असले तर आधी छोटे घेऊन हाताने यादी करायची. 9 जणांऐवजी 4 जण घे, सगळ्या समित्या लिहून काढ, मग सूत्राशी ताडून बघ. यादी करताना लाज वाटते, वाटू दे.

रांगेचं म्हणशील तर आपल्याकडे हे गणित फार जुनं आहे. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या लीलावतीत अंकपाश नावाचं प्रकरणच आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती प्रकारे देता येतील, असा त्यात प्रश्न आहे. उत्तर 24. घरी कुणी संध्या करत असेल तर केशवाय नमः, नारायणाय नमः ही चोवीस नावं ऐकली असशील; त्या चोवीस मूर्तींत हीच चार आयुधं वेगवेगळ्या हातांत असतात. त्याच श्लोकात शंकराच्या दहा हातांचंही विचारलंय, त्याचं उत्तर 36,28,800. फॅक्टोरियल (4×3×2×1 असा उतरता गुणाकार) कसं भसकन वाढतं ते मला त्यावरून जे कळलं ते क्रमिक पुस्तकावरून कळलं नव्हतं.

प्रोबॅबिलिटी ही त्या मोजणीचीच धाकटी बहीण. मोजणी पक्की झाली की निम्मी येतेच. डझनभर हापूस आहेत, त्यांतल्या तिघांत साका आहे (आतला गर पांढरट, स्पंजासारखा झालाय), आणि साका वरून दिसत नाही हे तुला सांगायला नको. पाहुण्यांसाठी दोन कापले. निदान एकात साका निघण्याची शक्यता किती? पुन्हा तो 'निदान' आला. मग उलटं जा: दोन्ही चांगले निघण्याची शक्यता 9/12 गुणिले 8/11, म्हणजे 6/11. तर निदान एक खराब, 5/11. बारांत तीनच खराब, पण जवळजवळ निम्म्या वेळा यजमानाची फजिती.

मॅट्रिक्सबद्दल फार लिहीत नाही. कष्टाचं काम आहे, अवघड नाही. आडवी ओळ गुणिले उभा स्तंभ, आणि उणे चिन्ह सांभाळायचं. हातचे गुण आहेत, सोडू नकोस.

एल.पी.पी. मात्र मला मनापासून आवडलं, कारण ते मी घरी करून पाहिलं. आमची थोडी कलमं आहेत. हिशेबासाठी मी आकडे सोपे घेतले होते. आंबा 120 डझन. लाकडी पेटी 5 डझनांची, पुठ्ठ्याचा खोका 1 डझनाचा. पेटी भरायला, पेंढा घालून खिळे मारेपर्यंत, 20 मिनिटं, खोक्याला 10. माणसं दोन, वेळ प्रत्येकी पाच तास, म्हणजे एकूण 600 मिनिटं. पेटीमागे 400 रुपये सुटतात, खोक्यामागे 120. पेट्या किती भरायच्या, खोके किती?

पेट्या एक्स, खोके वाय. आंब्याची अट: 5एक्स + वाय, 120च्या आत. वेळेची अट दहाने भागली की 2एक्स + वाय, 60च्या आत. आलेखावर दोन रेघा मारल्या की कुंपण घातल्यासारखा एक तुकडा तयार होतो, आणि सर्वांत जास्त पैसे नेहमी त्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यावर मिळतात. नुसत्या पेट्या भरल्या तर 24 पेट्यांचे 9,600. नुसते खोके भरले तर 60 खोक्यांचे 7,200. दोन रेघा छेदतात त्या कोपऱ्यावर 20 पेट्या आणि 20 खोके, त्यांचे 10,400. मी कागद घेऊन ऐटीत बाबांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि म्हणाले, "डागी आंबा कुठे धरलास गो?"

धरला नव्हता. 15 डझन डागी धरून 105 डझनांवर पुन्हा मांडलं, तर उत्तर आलं 15 पेट्या, 30 खोके, 9,600 रुपये. आता गंमत बघ: आंबा कमी झाला आणि खोके वाढले! मला वाटलं चुकलंय, तीनदा तपासलं. चुकलं नव्हतं. पेटी आंबा जास्त खाते, म्हणून आंबा आखडला की पेट्या कमी होतात, आणि वाचलेल्या वेळात खोके भरले जातात. बाबांना त्याचं काही नवल वाटलं नाही. "मग, तसंच करतो की आम्ही," एवढंच.

व्याजाचा भाग परीक्षेपुरता करू नकोस. मी आता एका पतसंस्थेत कामाला आहे आणि रोज तेच करते. एक लाखाचं कर्ज, 12 टक्के, एक वर्ष. घटत्या शिलकीवर, म्हणजे दरमहा उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावलं तर, हप्ता 8,885 रुपये बसतो, वर्षाचं व्याज साधारण 6,619. तेच 12 टक्के 'फ्लॅट', म्हणजे वर्षभर पूर्ण लाखावर, म्हटले की हप्ता 9,333 आणि व्याज 12,000. दर दोन्हीकडे बाराच लिहिलेला, पण फ्लॅटचा घटत्या शिलकीवर हिशेब केला तर तो साडेएकवीसच्या आसपास जातो. मोटारसायकल घ्यायला निघालेल्या मुलांना मी हे काउंटरवरच कागदावर मांडून दाखवते.

क्लासचं म्हणशील तर पहिला महिना लावू नकोस. क्लासमध्ये प्रश्नाचे साचे शिकवतात: 'असा प्रश्न आला की हे सूत्र'. साचा बदलला की तोंडघशी. महिनाभर रोज चारच गणितं कर, पण प्रत्येकाचं उत्तर आल्यावर 'एकूण किती?' हे माझ्या सरांचं वाक्य स्वतःला विचार. तरी गाडी अडली तर मग खुशाल लाव. आणि हो, दापोलीचा आहेस म्हणजे कुणीतरी मुर्डीच्या रँग्लर परांजप्यांचं नाव घेऊन दम भरणारच. ते 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, खरं आहे, पण तुला फक्त बी.कॉम.चा पेपर काढायचाय.

आज रात्री एवढंच कर. तेच 5 मुलगे, त्याच 4 मुली, 3 जणांची समिती, पण निदान दोन मुली हव्यात. 34 आले तर बरोबर. 42 आले तर तू माझ्याच एस.टी.त बसलास.