एकट्याने काम करणारे सहकारी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: नागपूरच्या मिहानमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टीम लीड आहे. आमच्यातील एक मुलगा कोड उत्तम लिहितो, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही आणि कोणाबरोबर जोडीने बसायलाही तयार नसतो. त्याला टीममध्ये कसे सामावून घ्यावे?

उत्तर: त्याच्या अबोलपणामुळे नेमके कोणते काम अडले, हे आधी पाहावे. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दोर ओढणारी माणसे वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेल्याचे आढळले होते. तेव्हा चार डोकी एकत्र बसवली की काम आपोआप वाढते, असे धरून चालू नये. मीटिंगचे विषय त्याला आदल्या दिवशी पाठवा आणि मत लेखी मागवा. कोड रिव्ह्यूमधून, म्हणजे एकमेकांचा कोड तपासण्याच्या कामातून, मात्र सूट देऊ नका.

प्रश्न: बुटीबोरीतील आमच्या कारखान्यात मेंटेनन्स पाहणारे एक जुने तंत्रज्ञ आहेत, ज्यांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात. ब्रेकडाउन झाले की त्यांना मदतनीस चालत नाही. ते रजेवर गेले की शिफ्ट अडते.

उत्तर: येथे स्वभावापेक्षा व्यवस्थेची चूक मोठी आहे. तुमचे लॉगबुक उघडल्यास ‘मशीन दुरुस्त केले’ एवढीच ओळ सापडेल, असा माझा अंदाज आहे. बिघाडाचे लक्षण काय होते, कोणते बेअरिंग किंवा सेन्सर बदलला आणि नंतर सेटिंग कितीवर ठेवले, हे तीन तपशील लिहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये; भाऊंना लिहिण्याचा कंटाळा असेल, तर अप्रेंटिसने शेजारी उभे राहून टिपून घ्यावे. शिवाय विजेच्या पॅनेलवर एकट्याने काम करणे धोक्याचे असल्याने, तेथे दुसरा माणूस असलाच पाहिजे, हा नियम सुरक्षिततेसाठी आहे, हे त्यांना स्पष्ट सांगा. सगळे शिकवून टाकले तर आपली गरज उरणार नाही, ही भीती अशा माणसांना अनेकदा असते आणि ती अगदीच निराधार नसते. म्हणून अप्रेंटिसला तयार करण्याचे श्रेय त्यांच्या पगारवाढीत दिसू द्या.

प्रश्न: मी सीताबर्डीवरील एका कार्यालयात लेखा विभागात आहे. रामटेकच्या सहलीला गेले नाही, म्हणून अप्रेझलमध्ये संघभावनेचे गुण कापले गेले. काय करावे?

उत्तर: सहल मे महिन्यात असेल, तर नागपूरकर म्हणून तुमचा नकार मला पूर्ण मान्य आहे! कोणत्या कामात सहकार्य कमी पडले, हे वरिष्ठांना लेखी विचारा आणि मार्चअखेरीस कोणाची विवरणपत्रे तपासून दिली, कोणाला जीएसटीची कामे समजावली, याची तारखांसह यादी सोबत जोडा.