पानओव्याने नको, ओव्याने सुरुवात करा

घरच्या घरी ऊर्ध्वपातन करून, म्हणजे वाफेच्या मदतीने, सुगंधी तेल काढायचा तुमचा उत्साह पाहून बरं वाटलं. पण पहिल्याच वेळी परसातला पानओवा ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात घालू नका. त्याचं पान मांसल, बहुतेक पाणीच. टोपलीभर पानांतून जेमतेम थेंबभर तेल निघतं आणि नवखा माणूस तिथेच नाउमेद होतो. त्यापेक्षा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अर्धा किलो ताजा ओवा आणा. त्यात साधारण २ ते ४ टक्के तेल असतं, म्हणजे पाण्यावर तरंगताना डोळ्यांना दिसेल इतकं.

ओवा ऊर्ध्वपातनाच्या अगदी आधी जाडसर भरडा. आदल्या दिवशी भरडून ठेवलात तर बराच वास घरातच उडून जातो. आच मंद ठेवा.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- पानं कडक उन्हात वाळवणं. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. आपल्याकडच्या पावसात बुरशी धरते, ते महिने सोडूनच द्या.
- वासावरून घटक ठरवणं. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल या तेलांतल्या दोन वासाच्या घटकांत अणू तेवढेच, फक्त अणूंच्या एका गटाची जागा वेगळी. नवख्या नाकाला फरक कळत नाही, गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे घटक वेगळे करून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीला, कळतो.
- 'थाइम' (एक विलायती सुगंधी वनस्पती) या नावावर विसंबणं. एकाच जातीच्या एका झाडात थायमॉल जास्त, तर दुसऱ्यात लिनालूल हा वेगळाच वासाचा घटक.

बाटलीत पांढरे खडे दिसले तर घाबरू नका, ते थायमॉल. मी माझं पहिलं तेल नासलं समजून ओतून दिलं होतं, अजून हळहळ वाटते. खडे सुमारे ५० अंशांना वितळतात. आणि हे तेल तसंच कातडीला लावू नका, भाजतं.