छोट्या कोईचा रंग पुढे कसा खुलेल?

पहिलीच कोई, म्हणजे तळ्यात पाळायचा रंगीत जपानी मासा, घेताय ना? मग कोहाकू घ्या. पांढऱ्यावर लाल, बस्स. नजर लवकर बसते. मासा निळ्या टबात घेऊन वरूनच पाहा, काचेतून नको.

– आधी पांढरा रंग बघा, तो स्वच्छ हवा. डोक्यावर किंचित पिवळसर झाक असेल तर घाबरू नका, बऱ्याचदा ती वयाबरोबर जाते.

– वीतभर पिल्लाचा गडद लाल रंग पाहून नवखे हमखास भुलतात. इतक्या लवकर पिकलेला रंग पुढे टिकेलच असं नाही. नारिंगी चालेल, पण सगळीकडे एकसारखा हवा. लाल पट्ट्याच्या पुढच्या कडेला पांढऱ्या खवल्यांखालून धूसर लाली दिसते. पिल्लात ती दिसायलाच हवी. मागची कडा मात्र रेखीव बघा.

– नवा लाल पट्टा सहसा उगवत नाही, असलेला विरू शकतो. म्हणून लाल थोडा जास्तच असू द्या.

सांके-शोवा या लाल-पांढऱ्या-काळ्या कोईंचा काळा रंग तूर्त राहू द्या. तो कातडीखालून निळसर सावलीसारखा हळूहळू वर येतो. जपानच्या निइगातातले पैदासकारही होतकरू पिल्लं ‘तातेगोई’ म्हणून राखून ठेवतात आणि वाट पाहतात. तुम्ही दर महिन्याला त्याच टबात, वरून एक फोटो काढत चला.