अमेरिकन शिल्पकार रिचर्ड सेराच्या कागदावरच्या काळ्या चित्रांना डांबरासारखा जाड थर कसा येतो? घरी जमेल का?

तो रंग म्हणजे पेंटस्टिक: तेल, मेण आणि रंगद्रव्य यांची कांडी. सेरा अशा कांड्या वितळवून मोठ्या वड्या पाडायचा आणि त्या कागदावर दाबून घासायचा. काही चित्रांत तर रंग खाली, कागद वर, आणि दाब मागून. म्हणून तो खडबडीतपणा.

घरी जमेल. कांड्या गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यातच वितळवा, थेट आचेवर तेल पेट घेतं. कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), सुती. आधी जेसोचे (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या, नाहीतर तेल झिरपून कडेला पिवळट वलय उमटतं (सेराच्या चित्रात ते शोभतं, आपल्या नाही). वर साय लवकर धरते, पण जाड थर आतून कित्येक महिने ओलाच राहतो. फ्रेमची काच टेकू देऊ नका, चिकटते.