‘ओगुझ’ म्हणजे कोण, आणि किती?

प्रश्न असा आला आहे: इतिहासावरच्या मराठी लेखनात कुठे ‘घुझ तुर्क’, कुठे ‘गझ’, तर कुठे ‘ओघुझ’ असे दिसते. हे एकच लोक का? आणि या शब्दाचा मूळ अर्थ ‘बाण’ असा सांगतात, तो खरा का?

लोक एकच, मध्य आशियातल्या तुर्की टोळ्या. अरबांनी सुरुवातीचा ‘ओ’ गाळून ‘घुझ्झ’ केले, आणि त्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्यामुळे कोणी ते ‘गुझ’ वाचले, कोणी ‘गझ’. बायझंटाइन ग्रीकांनी त्यांना ‘ऊझ’ म्हटले. रशियन बखरींत ‘तोर्क’ म्हणून जे येतात तेही हेच. बाणाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, कारण ‘ओगुझ’ हे आरंभी कोणा एका जमातीचे नावच नसावे.

मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात तुर्की भाषेतले आठव्या शतकातले शिलालेख आहेत: कुल तेगिनचा 732 चा आणि त्याचा भाऊ, तुर्कांचा सम्राट (कगान) बिल्गे याचा 735 चा. डॅनिश पंडित विल्हेल्म थॉमसेन यांनी त्यांची लिपी 1893 मध्ये उलगडली. तिथे हे लोक ‘तोकुझ ओगुझ’ म्हणून भेटतात. तोकुझ म्हणजे नऊ. बिल्गे कगान कळवळून सांगतो, की तोकुझ ओगुझ हे माझेच लोक होते, पण आभाळ आणि धरती ढवळून निघाली आणि ते वैरी झाले. लेखांत हा आकडा बदलतो. कुठे ‘उच ओगुझ’, म्हणजे तीन. पुढच्या, उइगुर या तुर्की लोकांच्या राज्यातल्या लेखात ‘सेकिझ ओगुझ’, म्हणजे आठ. नाव तेच आणि आकडा वेगळा, असे कशामुळे होते? ‘ओगुझ’चा अर्थ ‘कूळ, टोळी’ असा सामान्य असेल तरच. आपल्याकडे ‘शहाण्णव कुळी’ म्हणतात तसे. उद्या परक्या बखरकाराने ते ऐकून ‘कुळी नावाचे लोक’ असे टिपून ठेवले, तर जे होईल ते ओगुझांचे झाले आहे.

याला चिनी दुजोराही आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत भक्कम. तांग दरबाराच्या इतिहासकारांनी ‘ओगुझ’चा उच्चार उतरवत न बसता सरळ भाषांतर केले: ‘जिउ शिंग’, म्हणजे नऊ आडनावे किंवा नऊ कुळे. त्यांच्या लेखी हा शब्द विशेषनाम नव्हता.

आता बाण. जुन्या तुर्कीत ‘ओक’ म्हणजे बाण. आजही तोच शब्द आहे. पश्चिमेकडच्या तुर्कांनी इ.स. 635 च्या सुमारास आपले दहा विभाग पाडले आणि प्रत्येक सरदाराला खूण म्हणून एकेक बाण दिला, असे चिनी साधने सांगतात. तेव्हापासून ते ‘ओन ओक’, दहा बाण, म्हणून ओळखले गेले. त्यामुळे ‘ओक’ला जुना अनेकवचनी प्रत्यय ‘झ’ लागून ‘ओगुझ’ झाले, ही व्युत्पत्ती दिसायला फार देखणी आहे. अडचण दोन ठिकाणी आहे. ‘क’चा ‘ग’ का झाला हे नीट सांगता येत नाही, आणि ‘झ’ हा अनेकवचनी प्रत्यय ‘बिझ’ (आम्ही), ‘सिझ’ (तुम्ही) अशा मोजक्या शब्दांपलीकडे दाखवता येत नाही. त्याच शिलालेखांत ‘ओगुश’ असा शब्द आहे, त्याचा अर्थ कूळ, गोत. ‘ओगुझ’ त्याच घरातला मानणे मला जास्त पटते. ‘ओकुझ’सारखा ऐकू येणारा, बैल या अर्थाचा शब्द काही जण पुढे करतात, पण त्याचा पहिला स्वर वेगळ्या जातीचा आहे आणि तुर्की भाषा स्वरांच्या बाबतीत काटेकोर असते. तो बैल सोडून द्यावा.

जाता जाता एक गोष्ट. तुर्की भाषाकुलाच्या एका शाखेत ‘झ’च्या जागी ‘र’ येतो. त्या शाखेत ‘ओगुझ’चा ‘ओगुर’ होतो, आणि दहा कुळांचा गट ‘ओनोगुर’. पाचव्या शतकात काळ्या समुद्राच्या उत्तरेला हे ओनोगुर होते. पुढे मॅग्यार लोकांना शेजाऱ्यांनी याच नावाने हाक मारली, आणि त्यातून हंगेरी हे नाव आले.

घोळ सुरू होतो तो मंगोलियातले ओगुझ आणि मध्य आशियातल्या सिर दर्या नदीकाठचे ओगुझ यांच्यात सरळ रेघ ओढली की. नऊ ओगुझांत उइगुर अग्रणी होते. त्यांनी 744 मध्ये स्वतःचे राज्य उभारले, ते 840 मध्ये किरगिझांनी मोडले. अरब भूगोलकार ‘तुघुझ्घुझ’ म्हणतात ते प्रामुख्याने पूर्वेकडच्या या उइगुरांना. ‘घुझ्झ’ मात्र वेगळे: अरल समुद्राजवळचे, ज्यांच्या प्रमुखाला ‘यब्गू’ म्हणत आणि ज्याचा हिवाळा सिर दर्याच्या मुखाकडच्या यांगिकेंत गावी जाई. हे घुझ्झ खलिफा महदीच्या काळात, म्हणजे 775 ते 785 दरम्यान, दूरच्या तुर्की मुलखातून आले, असे अरब इतिहासकार इब्न अल-असीर नोंदवतो. काही टोळ्या पूर्वेकडून आल्या असतील, पण वाटेत भेटलेल्या कित्येक त्यांत मिसळल्या. सामान्यनामाचे विशेषनाम झाले ते इथे, सिर दर्याकाठी.

बगदादचा दूत इब्न फदलान 921-22 मध्ये त्यांच्यातून गेला. ते पाण्याला शिवत नाहीत म्हणून तो नाक मुरडतो. पण अन्याय झाला की माणूस वर आभाळाकडे पाहून ‘बिर तेंग्री’ म्हणतो, म्हणजे ‘एकच देव’, हेही तो टिपतो. मुसलमान झालेल्या ओगुझांना पुढे ‘तुर्कमान’ म्हणू लागले. त्यांच्यातल्याच सेल्जुकांनी 1040 मध्ये दंदानकानला गझनीच्या महमूदाचा मुलगा मसूद याचा पराभव केला.

ओगुझ कुळांची यादी महमूद काशगरी या पंडिताच्या तुर्की भाषेच्या कोशात आहे. तो त्याने 1070 च्या दशकात बगदादमध्ये रचला. त्यात बावीस कुळे, प्रत्येकाच्या गुरांवर डागायच्या खुणेसह. पहिले किनिक, सेल्जुक सुलतानांचे. दुसरे कायी, उस्मानी सुलतानांनी पंधराव्या शतकात आपली वंशावळ त्याच्याशी जोडली. याच यादीत अफशार आहेत. नादिरशहा याच अफशारांतला. 1739 मध्ये तो दिल्ली लुटत होता तेव्हा चिमाजी अप्पांचा वेढा वसईला पडलेला होता. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली ज्या कराकोयुनलू (काळ्या मेंढ्यांवाले) घराण्यातला, तेही ओगुझ तुर्कमानच.

लिहावे कसे? अरबी-फारसीतला तो घशातला ‘ग’ मराठीने नेहमी ‘ग’च केला आहे: बाग, गरीब, कागद. ‘घ’ आला तो इंग्रजी स्पेलिंगमधून, जसा ‘मोगल’चा ‘मुघल’ झाला. ‘बाजार’, ‘हजार’च्या चालीने खरे तर ‘ओगुज’ व्हावे, पण अनोळखी नावात तो ज कोणता हे वाचकाला कळणार नाही, म्हणून मी ‘ओगुझ’ लिहितो, ‘झाड’मधल्या झ-ने. आजच्या तुर्कस्तानातल्या एखाद्या माणसाचे नाव असेल तर ‘ओउझ’ लिहावे. तिकडे तो ‘ग’ आता उच्चारत नाहीत.