तोंडाळ आणि फुशारकीवाले

प्रश्न : आमचा अमेरिकन मॅनेजर कॉलवर एकाला 'लूज लिप्स सिंक शिप्स' म्हणाला, आणि नंतर दुसऱ्याबद्दल 'ऑल हॅट अँड नो कॅटल'. दोन्ही एकच का हो? – एक वाचक, हिंजवडी

उत्तर : नाही हो, अजिबात नाही. पहिलं म्हणजे तोंड सांभाळ, आतली गोष्ट बाहेर बोलू नकोस. हे दुसऱ्या महायुद्धातलं, १९४२ च्या सुमारास अमेरिकेत तशी पोस्टर्स लागली होती, कारण बोट कधी सुटणार हे कोणी बंदरावरच्या बारमध्ये बरळलं आणि ते हेराच्या कानावर गेलं की समुद्रात जर्मन पाणबुड्या टपलेल्याच. ब्रिटनमध्ये १९४० लाच फूगास या व्यंगचित्रकाराने 'केअरलेस टॉक कॉस्ट्स लाइव्ज' ही पोस्टर्स काढली, त्यातलं एक तर मला फार आवडतं, दोन बायका प्रवासात मस्त गप्पा मारतायत आणि मागच्या सीटवर हिटलर आणि त्याचा साथीदार गोअरिंग कान देऊन बसलेत!

दुसरं टेक्सासकडचं, बढाईखोरासाठी. डोक्यावर काउबॉय हॅट पण दारात एक जनावर नाही, म्हणजे आपलं बडा घर पोकळ वासा. हे चांगलंच झोंबतं, त्यामुळे तुम्ही क्लायंटसमोर कोणाबद्दल वापरू नका. आणि 'शूटिंग युअर माउथ ऑफ' ऐकलंत तर त्यात बढाई आणि बेफिकीर बडबड दोन्ही येतं.