गावच्या घराला ॲल्युमिनियमचे पत्रे टाकावे का? एसीपी टिकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यात घर बांधताय, समोरच्या छपरीवर आणि मागच्या बैलांच्या कोठ्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे टाकायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो जन्मभर गंजत नाहीत. शिवाय मुलाची हौस म्हणून समोरच्या भिंतीला एसीपी, म्हणजे सजावटीचं ॲल्युमिनियम-प्लास्टिकचं पॅनल, लावायचं आहे.

कोठ्यावर टाका. छपरीवर नको. एसीपीबद्दल खाली सांगतो, तिथं हो किंवा नाही म्हणून भागत नाही.

माझं आर्वीकडे फॅब्रिकेशनचं लहानसं दुकान आहे. टिनं ठोकण्यातच अर्धं आयुष्य गेलं. त्यामुळे पहिली गोष्ट सांगतो ती दुकानात जायच्या आधीची: खिशात चुंबक टाका. जुन्या स्पीकरमधलं निघालं तरी चालेल. आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात "ॲल्युमिनियमचा पत्रा" म्हणून जे दाखवतात, ते बरेचदा गॅल्व्हल्यूम असतं. म्हणजे आत लोखंडच, वरून ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३ टक्क्यांच्या वर जस्त आणि थोडं सिलिकॉन अशा मिश्रणाचा मुलामा. माल वाईट नाही, उलट चांगला आहे, पण तो ॲल्युमिनियम नव्हे आणि त्याचा भावही ॲल्युमिनियमचा देऊ नये. चुंबक चिकटलं की समजून जा. खऱ्या ॲल्युमिनियमला ते चिकटतच नाही.

दुसरं, वजन. लोखंडाच्या मानाने ॲल्युमिनियम एकतृतीयांश वजनाचं. दहा फूट बाय तीन फुटाचा सपाट पत्रा धरला, तर अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी ११ किलोच्या आसपास भरतो. तेवढाच ॲल्युमिनियमचा २२ गेजचा, म्हणजे ०.७१ मिलिमीटरचा, साडेपाच किलोच्या आतच राहतो. २४ गेज म्हणजे ०.५६ मिलिमीटर, तो सव्वाचार किलो. २६ गेज ०.४६ मिलिमीटरचा, साडेतीन किलो. हे आकडे लिहून ठेवा, कारण गेजमध्ये फसवाफसवी फार चालते आणि बोटानं दाबून जाडी कोणालाच कळत नाही. वजनकाटा मात्र दुकानातच असतो. नाळीचा पत्रा असेल तर नाळ्या पाडण्याआधीची रुंदी धरून हिशेब करा, नाहीतर दुकानदाराशी उगाच भांडण व्हायचं. किलोचा भाव लोखंडी पत्र्याच्या तिपटीच्या पुढेच असतो, पण किलो कमी लागतात, म्हणून पत्र्यामागचा फरक ऐकताना वाटतो तेवढा नसतो.

आता गंजाबद्दल. आमची आजी ॲल्युमिनियमला शेवटपर्यंत "जर्मल"च म्हणायची. मी दुकान टाकलं तेव्हा पहिला पत्रा तिला दाखवायला नेला, तर टिचकी मारून म्हणाली, "हे तं जर्मल होय. याचा तं गंज असते घरात." आपल्याकडे भाजीच्या पातेल्याला गंज म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको. तर जर्मलच्या गंजाला गंज लागत नाही, हे तिला माहीत होतं, आणि त्याच गंजात अंबाडीची भाजी रात्रभर ठेवू नये हेही माहीत होतं. ॲल्युमिनियमचं अख्खं शास्त्र या दोन गोष्टींत आलं. हवेतला ऑक्सिजन लागला की ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट थर धरतो. लोखंडाचा तांबेरा पापुद्र्यासारखा सुटतो आणि खालचं लोखंड उघडं पाडतो. हा थर सुटत नाही, ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. पण फार आंबट लागलं किंवा फार खारं लागलं, म्हणजे ॲसिड किंवा अल्कली, की तो थर विरघळतो. मग खाली मऊ धातूच उरतो.

आणि घरबांधणीत अल्कली कुठे असते? सिमेंटात.

हे मी स्वतःच्या कोठ्यावर शिकलो. पत्र्याचं वरचं टोक भिंतीत घुसवायचं होतं. मिस्त्रीनं भिंतीत खाच पाडली, पत्रा आत सरकवला, वरून सिमेंटचा मसाला भरला आणि सांगून गेला, "आठ दिवस पाणी मारा बापू, काही नाई होत." मी इमानदारीनं पाणी मारलं. तिसऱ्या पावसाळ्यात बैल भिंतीकडच्या बाजूला उभे राहिनात. वर पाहिलं तर भिंतीच्या रेषेनं ओळीत तारे चमकत होते, भर दिवसा. शिडी लावून चढलो. पत्रा मसाल्याला जिथं टेकला होता तिथं पांढरी भुकटी साचलेली, चुन्यासारखी. बोटानं घासली तर बोट पत्र्यातून आरपार गेलं. त्याच पत्र्याचं एक वीत खालचं अंग मात्र नव्यासारखं लखलखत होतं. दुकानदाराला शिव्या द्यायची सोय नव्हती, पत्रा अस्सल होता. ओल्या सिमेंटानं खाल्ला होता, आणि भिंत दर पावसाळ्यात ओल धरायची म्हणून ते खातच राहिलं होतं.

तेव्हापासून पत्रा मी भिंतीत घालत नाही. भिंतीपासून बोटभर लांब ठेवतो आणि वरून वेगळी पट्टी मारून फट झाकतो. टेकवावाच लागला तर टेकणाऱ्या अंगाला डांबरी रंगाचे दोन हात.

सांगाड्याचंही तसंच. लोखंडी अँगलवर ॲल्युमिनियम नुसतं ठेवलं आणि मध्ये ओल राहिली, की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि त्यात खर्ची पडतं ते ॲल्युमिनियम. म्हणून अँगलला रेड ऑक्साइड, त्यावर ऑइलपेंट, आणि पत्रा जिथं टेकेल तिथं रबराची किंवा डांबरी फेल्टची पट्टी. ही पट्टी फार स्वस्त पडते, तरी दहातले नऊ जण तीच वाचवतात. तांबं तर जवळही येऊ देऊ नका. अर्थिंगची उघडी तांब्याची तार पत्र्यावरून नेली, तर तिच्यावरून ओघळणारं पावसाचं पाणीसुद्धा खाली भोकं पाडतं. आणि विजेची सर्व्हिस वायर पत्र्याला घासत असेल तर धातू कोणताही असो, आधी लाइनमन बोलवा. हे फक्त पत्र्याच्या आयुष्याचं काम नाही.

मग कोठ्यावर का म्हणतो? तिथं शेण, मूत, दिवसरात्रीची वाफ. जस्ताचा मुलामा त्या हवेत लवकर झिजतो आणि लोखंडी टिन खालच्या अंगानं तांबूस व्हायला लागतं. ॲल्युमिनियम ती वाफ निवांत सोसतं. फक्त ओला उकिरडा किंवा ओलं कुटार त्याला सतत चिकटून राहू नये. उन्हाळ्यात आपण गारव्यासाठी टिनावर तुराट्या, पऱ्हाट्या टाकतो. जरूर टाका, पण मिरगाच्या आधी उतरवा. त्या ओल्या होऊन पत्र्यावर सडत पडल्या तर पत्र्याला फोड येतात.

गारव्याचं लोक विचारतात म्हणून सांगतो. नवा कोरा ॲल्युमिनियमचा पत्रा ऊन बरंचसं परत फेकतो, तरी मे महिन्यात दुपारी हात लावला तर चटका बसेलच, कारण जी उष्णता तो घेतो ती लवकर बाहेर सोडत नाही. गंमत अशी, की तोच गुण खालच्या बाजूनं कामी येतो. चकचकीत पत्रा खाली बसलेल्याच्या डोक्यावरही कमी उष्णता फेकतो. लोखंडी टिनाखाली डोकं भणभणतं तसं इथं होत नाही. वरून धूळ बसली की गुण घटतो. वरच्या अंगाला पांढरा रंग मारला तर दुपारचा पत्राच बराच कमी तापतो, आणि खालचं अंग उघडं चकचकीत ठेवलं की दोन्ही फायदे मिळतात.

उन्हानं पत्रा वाढतो, तो लोखंडाच्या दुप्पट. बारा फुटी पत्रा हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत चार-पाच मिलिमीटर लांब होतो. म्हणून भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं, त्यावर रबरी वॉशर, आणि स्क्रू नाळीच्या उंच भागावर, खोलगटात कधीच नाही. गच्च आवळला तर पत्रा स्क्रूभोवती फाटत जातो, मग वावटळ आली की तिथूनच उचकटतो. संध्याकाळी टणटण आवाज येईल, त्याला भूत समजू नका. शिवाय तेवढ्याच जाडीत हा पत्रा लोखंडाच्या तिप्पट लवतो, म्हणून आडवे पाइप मी तीन फुटांच्या पुढे जाऊ देत नाही. कोठ्याला २२ गेजच घ्या.

छपरीवर नको म्हणालो त्याचं कारण वांदरं. तुमच्याकडे नसतील तर तुम्ही भाग्यवान, पण यवतमाळ जिल्ह्यात वांदरं नसलेलं गाव मी अजून पाहिलं नाही. कवेलू त्यांनी संपवले म्हणून तर लोक टिनाकडे वळले. पंधरा-वीस किलोचा हुप्प्या कडुलिंबावरून उडी घेतो तेव्हा २४ गेजच्या ॲल्युमिनियमला परातीएवढा पोचा पडतो. पत्रा गळत नाही, पण घराच्या तोंडावर पाहुणे येतात तिथं ते दिसतं. घरासमोर झाड असणार, झाडावर वांदर असणार. तिथं रंगीत गॅल्व्हल्यूम घ्या, अर्धा मिलिमीटरचं. कोठ्यावर पोचे पडले तर बैल काही बोलत नाहीत. आणि वावरातल्या मोटारीच्या खोलीवर ॲल्युमिनियम अजिबात टाकू नका. भंगारात त्याला चांगला भाव येतो, हे आपल्याआधी दुसऱ्यांना माहीत असतं.

आता मुलाची हौस. एसीपी म्हणजे अख्खा ॲल्युमिनियमचा पत्रा नव्हे. पाव ते अर्धा मिलिमीटरचे दोन पातळ पत्रे आणि मधे प्लास्टिकचा गाभा, एकूण ३ किंवा ४ मिलिमीटर, शीट आठ बाय चार फुटाचं. स्वस्त मालात हा गाभा पॉलिथिनचा असतो आणि तो पेटतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला लागलेली आग अशाच गाभ्याच्या बाहेरच्या आवरणामुळे माळ्यामागून माळे चढत गेली आणि ७२ माणसं गेली. तुमचं एकमजली घर म्हणजे टॉवर नाही, उडी मारून बाहेर येता येतं. तरी गाभा आग रोखणारा, एफआर, मागा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ, मीटरच्या पेटीभोवती एसीपी नको म्हणजे नकोच.

दुसरा प्रश्न रंगाचा. बाहेरच्या भिंतीला पीव्हीडीएफ, म्हणजे ऊन-पाऊस सोसणाऱ्या, रंगाचं शीट लागतं. पॉलिस्टर रंगाचं स्वस्त पडतं, पण ते आतल्या कामासाठी असतं. आपल्या उन्हात त्याचा लाल काही वर्षांत जुन्या वीटेसारखा होतो. वरची फिल्म काम संपताच सोलून घ्या. "दिवाळीला काढू" म्हणून ठेवलेली फिल्म मी ब्लेडनं खरवडत बसलो आहे, निघाली नाही. आणि शीटच्या मागं फ्रेमची पोकळी राहते. तिच्या कडा बंद केल्या नाहीत तर पाली, गांधीलमाश्या आणि शेवटी उंदीर. एका गिऱ्हाइकाच्या भिंतीतून रात्री खुडबुड यायची. शीट उघडलं तर आत सोयाबीनच्या शेंगांचा ढीग.

मला विचाराल तर अख्खी भिंत झाकू नका. दाराच्या वर नावाची पट्टी आणि एका बाजूला उभा पट्टा, एवढं पुरे, दोन शीटमध्ये बसतं. हौस जास्तच असेल तर छपरीच्या कठड्याला २ मिलिमीटरच्या अख्ख्या ॲल्युमिनियमची सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, कापलेली जाळी लावा, पावडर कोटिंग करून. ती पेटत नाही, उधई लागत नाही, मागून वारा येतो. लोखंडी फ्रेममध्ये बसवताना मध्ये रबर, वर सांगितलं तसंच.

आणि कोठ्याच्या भिंतीला प्लास्टर अजून व्हायचं असेल, तर ते पाणी मारून, वाळवून पूर्ण उरकू द्या, पत्रे मग चढवा. मिस्त्री घाई करेल. प्लास्टर झालं असेल तर भिंत आणि पत्रा जिथं भेटणार त्या जागेचा फोटो इथं टाका, किती अंतर ठेवायचं ते पाहून सांगतो.